कोपीतले चार तास

दिवाळी झाली की आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बहुतेक बीडकडच्या, आणि माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. सांगली जिल्ह्यात हे दरवर्षीचंच आहे. मी इथे सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, पण टोळीतल्या बायका सिस्टरच म्हणतात. जानेवारीतली गोष्ट, सकाळी सातलाच आशाताईचा फोन आला की मॅडम लवकर या, दहा महिन्यांचं लेकरू आहे, रात्रीपासून उलट्या आणि पाण्यासारखी संडास, आई पहाटे फडावर, उसाच्या तोडीला गेली होती ती परत आलीय आणि नुसती रडतेय.

गेले तर लेकरू आजीच्या मांडीवर. डोळे आत गेलेले, टाळू खाली गेलेली, रडत होतं पण डोळ्यात पाणी नाही. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसेना, हळू गेली. पण वाटी तोंडाजवळ नेली की हपापून ओढत होतं, आणि त्याने मला धीर आला, कारण पिता येत नसतं किंवा सुस्त पडलं असतं तर मी एक मिनिट थांबले नसते, सरळ १०८ ला फोन केला असता. संडासात रक्त नव्हतं, ताप हलका. आधी उलट्या मग पाण्यासारखे जुलाब, तेही थंडीत, हे बहुतेक रोटासारख्या व्हायरसचंच असतं. पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले पितंय तर तिथेच सुरू करा, चार तासांनी परत बघा आणि मला कळवा.

आता घरच्यांनी रात्रीतून काय काय केलं होतं ते सांगते, कारण हे मला प्रत्येक टोळीत दिसतं आणि यात त्यांचा दोष नाही, नीट सांगणारंच कोणी भेटत नाही. ओआरएसचं, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं, पाकीट होतं, पण ते अख्खं एका तांब्यात कालवलेलं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या पाण्यात गेलं की मीठ जास्त होतं आणि लेकराला ते घातक. शेजारच्या कोपीतून कोणीतरी दुकानातलं गोड पेय आणून दिलेलं, डब्यावर फळाचं चित्र, त्यात साखर इतकी की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. (अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली ते फार बरं झालं.) आणि आजीने अंगावरचं दूध बंद केलं होतं, दूध बाधलं म्हणून. मी म्हटलं आजी, उलटीजुलाबात आईचं दूध कधीच तोडायचं नाही, जास्त वेळा पाजायचं. आजी लगेच म्हणाल्या बरं बाई, पाजू दे मग.

तोवर टोळी आणणारे मुकादम आले. मोटरसायकल काढलेली, म्हणे गावात नेऊन दोन सलाईन लावून आणतो, दुपारपर्यंत लेकराची आई फडावर येईल. माणूस वाईट नव्हता, खरंच मदत करत होता. पण मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की दादा, १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची छावणी होती बंगालमध्ये बनगावला, कॉलऱ्याने माणसं मरत होती, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून ठेवलं आणि नातेवाइकांनाच कपाने पाजायला लावलं. आधी शंभरात तीस मरत होते, ते तीन-चारावर आलं. साखर आतड्यातून आत जाताना मीठ सोबत नेते आणि मिठामागे पाणी जातं, जुलाब चालू असले तरी हे काम थांबत नाही. मुकादम ऐकत राहिले, मग म्हणाले पण मॅडम उलटी होतेय ना, पोटात राहणार कसं?

हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चमच्यात आहे. तहानलेलं लेकरू वाटी तोंडाला लावली की गटागटा पितं आणि सगळं बाहेर टाकतं, मग आईला वाटतं ओआरएस पचत नाही. वजन केलं, आठ किलो. किलोला ७५ मिली धरलं तर चार तासांत ६०० मिली, म्हणजे ५ मिलीचे १२० चमचे, दर दोन मिनिटाला एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू, अजून सावकाश. यात औषधापेक्षा माणूस लागतो, चार तास हलायचं नाही असा माणूस. आणि टोळीत नेमका तोच नसतो, कारण नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एकच जोडी धरतात, बाई घरी राहिली की खाडा लागतो आणि उचलीच्या, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात तो वळता होतो. पाकीट फुकट मिळतं, चार तास कोण देणार? मी मुकादमांना स्पष्ट म्हटलं की आज आणि उद्या हिला फडावर बोलवू नका आणि खाडाही लावू नका. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले आजचा नाही लावत, उद्याचं बघू. मला आणखी भांडायचं होतं खरं तर, पण पहिला चमचा जायला उशीर होत होता.

चुलीवर पाणी उकळून गार केलं, लिटरच्या बाटलीने मोजून त्यात अख्खं पाकीट. आई चमचा द्यायला लागली, आणि नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण, जी एरवी दिवसभर हे लेकरू सांभाळते आणि शाळेत जात नाही, ती माझ्या मोबाईलवर मिनिटं बघून सांगत बसली. दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा आईचा हात गळाला, दोन्ही वेळा थांबून परत सुरू केलं. मधेमधे अंगावर पाजणं. साडेदहाच्या आसपास लेकराने लघवी केली आणि आजीने ओलं लुगडं मला उचलून दाखवलं, मला इतका आनंद झाला की काय सांगू. चार तास झाले तेव्हा चिमटी लगेच बसत होती, रडताना आसू येत होते. डॉक्टरांना कळवलं.

जुलाब त्या दिवशी थांबले नाहीत आणि ते आईला आधीच सांगून ठेवलं होतं, कारण व्हायरसचे जुलाब तीन ते सात दिवस चालतात, ओआरएसने संडास बंद होत नाही, गेलेलं पाणी भरून निघतं. अँटिबायोटिकचा यात उपयोग नाही आणि संडास बांधायची गोळी लहान लेकराला तर द्यायचीच नाही. प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली ओआरएस, कालवलेलं २४ तासांनी फेकून नवीन, खायला मऊ भात, वरण, केळं. झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी आईच्या दुधात विरघळवून रोज एक, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. घाण लुगडी पाण्याच्या पिंपापासून लांब धुवा आणि भाकरी थापायच्या आधी साबणाने हात, हे आशाताईने सगळ्या कोप्यांत फिरून सांगितलं, कारण शेजारच्या दोन पोरांनाही उलट्या सुरू झाल्या होत्या. पिंपांत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायला लावलं.

चौथ्या दिवशी लेकरू रांगत होतं. लसीकरणाचं कार्ड मागितलं तर रोटाच्या लसीचे सहा आणि दहा आठवड्यांचे डोस दिलेले, चौदाचा राहिलेला, तेव्हा ताप होता म्हणून नेलं नव्हतं. पहिला डोस वेळेत झालेला असला की राहिलेला नंतरही देता येतो. पण आमच्या लसीकरण सत्राच्या आधीच टोळीचा मुक्काम हलणार होता, म्हणून झिंकच्या उरलेल्या गोळ्या मोजून दिल्या, थोरलीला कॅलेंडरवर रोज फुली मारायला शिकवलं आणि पुढच्या गावच्या एएनएम (आरोग्यसेविका) ताईंना फोन करून लेकराचं नाव, कार्डाचा फोटो आणि मुकादमांचा नंबर दिला. पुढच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला, डोस दिला, पण बाई परत फडावर जातेय आणि लेकरू थोरलीकडेच असतं.