पावसात पायी पावागढ

पावागढच्या डोंगरावर देवीला पायी जाणारे नवरात्रात निघतात, पाऊस सरल्यावर. मला भर श्रावणातच जायचं होतं. आमच्या वडोदरा शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी त्या डोंगरात उगम पावते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिनं काळाघोडा पुलापाशी ३५ फूट ओलांडले (धोक्याची पातळी २६) आणि आमच्या समा भागातले तळमजले बुडाले. एवढं पाणी जमतं कसं, ते मला चालत पाहायचं होतं.

भाच्याबरोबर पहाटे हरणीहून निघाले. आसोजच्या आसपास झड लागली. वारा असा की भाचा ओरडला, "मावशी, छत्री मीट आता, काड्या मोडतील." हायवे सोडून शेतांकडेच्या गाडीवाटेला लागलो. तिथे दर पावलाला चपलेला चिखलाचा थर चढायचा; शेवटी चपला हातात घेतल्या. कपाशीच्या सऱ्यांतून पाणी बांधाकडे, बांधावरून चरात आणि चरातून कोतरात, म्हणजे घळीत, उतरत होतं. एकेक ओहोळ घोट्याएवढाच, पण सगळ्यांचं तोंड आमच्या घराकडे. आम्ही दिवसभर पाण्याच्या उलट चाललो.

पूर आला की शहरात सगळे वरच्या अंगाच्या आजवा तलावाच्या ६२ दरवाजांबद्दल बोलतात. पातळी २११ की २१२ फूट, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ते महत्त्वाचं आहेच. पण आजव्याला न शिवता थेट नदीत जाणारं पाणी केवढं असतं, ते मला या वाटेवर कळलं. हे पाणी शहरात शिरतं तेव्हा त्याच्या वाटेवरच्या कांसांवर, म्हणजे पावसाळी नाल्यांवर, आपण भराव घालून घरं बांधलेली असतात. मला याचा मनापासून राग येतो.

जरोदला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन आहे. त्यांच्या फाटकासमोर मी हात जोडून उभी राहिले. रात्री भाच्याच्या मित्राकडे मुक्काम केला. त्याच्या बांनी, म्हणजे आईनं, आधी कोरडे कपडे दिले, मग बाजरीचा रोटलो आणि गरम कढी. पाय शेकायला तवाभर निखारेही आणून ठेवले.

दुसऱ्या दिवशी हालोलमार्गे चांपानेरला पोचलो. डोंगर पूर्ण ढगात होता, वर जायचा बेत सोडला. पायथ्याच्या खडकांवरून उतरणारं पाणी अगदी नितळ होतं. शहरातलं गढूळ पाणीच पाहत आल्यामुळे मी बराच वेळ तिथून हलले नाही.

दिवाळीनंतर उलट दिशेनं जायचंय, विश्वामित्री ढाढर नदीला मिळते तिथपर्यंत. भाचा तयार आहे.