ही इथली रणजी ना?

अमेरिकेतलं मायनर लीग बेसबॉल म्हणजे नेमकं काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याहून कुणी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला आमच्याकडे आलं आणि उन्हाळा असला, की मी त्यांना रेड विंग्ज या इथल्या बेसबॉल संघाच्या मॅचला नेते. तिसऱ्या-चौथ्या इनिंगला प्रश्न येतोच, ‘‘मायनर लीग म्हणजे इथली रणजीच ना?’’

नाही. रणजीत मुंबईचा संघ मुंबईच निवडते आणि जिंकला तर करंडकही मुंबईलाच येतो. रेड विंग्जचा खेळाडू रॉचेस्टरचा नसतोच. २०२१पासून तो मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावरच्या, वॉशिंग्टन नॅशनल्स या क्लबचा आहे. करार त्यांचा, पगार त्यांचा, प्रशिक्षकही त्यांचे. आमच्याकडे मैदान सांभाळणं, तिकिटं, खाण्याचे स्टॉल आणि संघाचं नाव. आमचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वॉशिंग्टनला हवा असला की तो निघाला, मग आमची मॅच कितीही महत्त्वाची असो. पाहुण्यांना याचं वाईट वाटतं. मलाही वाटतं, अजूनही.

पूर्वी असं नव्हतं. ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोत छोट्या लीगच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन संघटना बांधली, ती मोठ्या लीगनी आपले खेळाडू पळवू नयेत म्हणून. तेव्हा गावोगावचे संघ स्वतंत्र होते. खेळाडू घडवायचे, मोठ्या क्लबला विकायचे आणि त्यावर तगायचे. सेंट लुइस कार्डिनल्स या मेजर लीगच्या क्लबकडे खेळाडू विकत घ्यायला पैसा नव्हता. त्यांचे सूत्रधार ब्रांच रिकी यांनी वेगळा हिशेब केला: खेळाडू कशाला, संघच ताब्यात घ्या, पोरं तिथे वाढवा. १९२०च्या दशकात रॉचेस्टरही त्या साखळीत आलं. थोर फलंदाज स्टॅन म्युझिअल १९४१मध्ये इथून वर गेला. इतर क्लबांनी तोच कित्ता गिरवला आणि गावांच्या संघांची रोपवाटिका झाली.

१९४९मध्ये ५९ लीग होत्या, वर्षाचे प्रेक्षक जवळपास ४ कोटी. मग घरोघरी टीव्ही आला, मोठ्या संघांच्या मॅचेस बसल्या जागी दिसू लागल्या आणि गावची मैदानं ओस पडली. १९६३च्या फेररचनेत मायनर लीगच्या वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, ए अशा पायऱ्या ठरल्या. २०२१मध्ये मेजर लीगने सगळा कारभारच हाती घेतला आणि मोठ्या क्लबांशी जोडलेले संघ १६०वरून १२०वर आणले. चाळीस गावांचं नातं एका फटक्यात तुटलं. हे मला आजही पटलेलं नाही. खेळाडूंना मात्र न्याय मिळाला: त्यांची कामगार संघटना झाली आणि २०२३च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला. त्याआधी तो याच्या निम्म्याच्या आसपास होता.

‘‘खेळाडू आपले नाहीत, तर टाळ्या कुणासाठी?’’ हा पाहुण्यांचा पुढचा प्रश्न. तेव्हा मी पॉटकेट या दुसऱ्या गावातली मॅच सांगते. १८ एप्रिल १९८१च्या रात्री रेड विंग्ज तिथे खेळायला गेले. नऊ इनिंगची मॅच बरोबरीमुळे लांबत लांबत पहाटे ४ वाजून ७ मिनिटांपर्यंत चालली. ३२ इनिंग झाल्या होत्या. बोचऱ्या थंडीत १९ प्रेक्षक शेवटपर्यंत बसून होते. उरलेला खेळ २३ जूनला झाला; तेहतिसाव्या इनिंगला आम्ही ३-२ने हरलो. पुढे महान ठरलेले कॅल रिपकन आमच्याकडून आणि वेड बॉग्ज त्यांच्याकडून खेळत होते. त्या पहाटे मात्र दोघंही वर बोलावण्याची वाट पाहणारी पोरंच होती.

त्या पॉटकेटमध्ये आता संघ नाही. मालकांनी तो २०२१मध्ये वुस्टर या दुसऱ्या शहरात हलवला. आमच्यावरही ही पाळी आली होती. कार्डिनल्सना रॉचेस्टर नकोसं झालं, तेव्हा मॉरी सिल्व्हर या इथल्याच व्यावसायिकाने शेअर विकायला काढले आणि १९५७मध्ये ८ हजारांवर लोकांनी पदरचे पैसे घालून संघ विकत घेतला. आमच्या शेजारच्या आजींकडे वडिलांनी घेतलेला तो शेअर आहे, चौकटीत लावलेला. पाहुण्यांना मी मॅचनंतर त्यांच्याकडे नेते.