स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीत एम.एस्सी. करताना: माझा अनुभव

स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी म्हणजे बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणी तपासून त्यांवर उपचार करण्याचं शास्त्र. आधी बीएएसएलपी या श्रवण आणि वाचा विषयातल्या पदवीची चार वर्षं झाली, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. त्यानंतर एम.एस्सी.ची चार सेमिस्टर. अभ्यासक्रमात वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने भाषा हरवणं), अडखळणं, आवाजाचे विकार, गिळण्याच्या अडचणी, संशोधन पद्धती असं सगळं येतं. माझा खरा कस लागला तो मराठी बोलणाऱ्या मुलाचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवताना. हे जमलं नाही तर निदान चुकतं आणि पुढची थेरपीही चुकीच्या ध्वनीवर चालते.

पहिली अडचण ‘च’ आणि ‘झ’ची. ‘चार’मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून केलेला; ‘चमचा’मधला दंततालव्य, म्हणजे ‘त्स’च्या जवळचा. लिपीत अक्षर एकच, पण आयपीएत, म्हणजे उच्चार लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय लिपीत, चिन्हं दोन. हिंदी शब्दांवर बेतलेल्या चाचणीत च साठी एकच रकाना असतो. तो तसाच वापरला, तर ‘चमचा’ अगदी बरोबर म्हणणाऱ्या मुलाची चूक नोंदवली जाते. तसंच ‘माझा’ आणि ‘माझी’. पुढे ई आली की झ तालव्य होतो. मूल नियम पाळत असतं आणि आपण लिहितो, ‘उच्चारात सातत्य नाही’. वऱ्हाडाकडचं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणालं, तर आईलाही तेच चित्र दाखवावं. तिच्याही तोंडून ‘डोया’ आलं तर ती बोली आहे. तिथे उपचार करायचा नसतो.

रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकते. आधी नुसते शब्द, मग ध्वनी, मग फक्त शंकेच्या जागा. फोन मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि पंखा बंद करायचा, कारण त्याच्या आवाजात स आणि श यांतला फरक बुडून जातो.

भाषेचा नमुना घेताना मुलाचे किमान 50 उच्चार (इथे उच्चार म्हणजे एका वेळी बोललेलं वाक्य किंवा त्याचा तुकडा) लागतात, 100 मिळाले तर उत्तम. ‘हे काय आहे?’ असं विचारत बसलं की एकेका शब्दाची उत्तरं मिळतात आणि सरासरी लांबी, म्हणजे एमएलयू, खोटीच कमी येते. खेळण्यांची मांडामांड करून गप्प बसावं, मूल बोलतं. मोजणीचे रूढ नियम इंग्रजीवर बेतलेले आहेत. ‘बाबा गाडीवरनं आले’ यात शब्द तीन. मॉर्फीम, म्हणजे शब्दातले अर्थ असलेले सर्वांत लहान तुकडे, मोजायला गेलं तर ‘गाडीवरनं’चेच तीन तुकडे पडतात, आणि ‘आले’चे दोन धरायचे की तीन, यावर वर्गात दोघांचं एकमत होत नाही. त्यामुळे मोजणीआधी नियमांचा कागद लिहून काढायचा. मग 20 टक्के उच्चार दुसऱ्या विद्यार्थ्याकडून स्वतंत्रपणे मोजून घ्यायचे. जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागून 100 ने गुणलं की सहमतीची टक्केवारी मिळते. ती कमी आली तर आधी तो नियमांचा कागद दुरुस्त करावा.

लॉगबुक, म्हणजे क्लिनिकमधल्या तासांची नोंदवही, त्याच दिवशी भरून सही घ्यावी. आठवड्याने कुणालाच वेळा आठवत नाहीत. निरीक्षणाचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे लिहावेत. अमेरिकेत प्रॅक्टिस करू पाहणाऱ्यांना हे विशेष उपयोगी पडतं, कारण तिथल्या ‘आशा’ (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन) या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी 400 तास लागतात: 25 निरीक्षणाचे, 375 प्रत्यक्ष. आपल्याकडे प्रॅक्टिससाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच.

लेसन प्लॅन, म्हणजे थेरपीचा लेखी आराखडा, दुरुस्तीसाठी सर्वांत जास्त वेळा परत येतो. ‘वाचा सुधारणे’ हे ध्येय नव्हेच, कारण ते गाठलं की नाही हे ठरवता येत नाही. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलासाठी मी असं लिहिते: चित्र दाखवल्यावर, कोणतीही खूण न देता, शब्दाच्या सुरुवातीचा क 20 पैकी 16 वेळा बरोबर, सलग दोन सत्रांत. सुरुवात ‘कार’ आणि ‘तार’ या जोडीने. दोन्ही चित्रं टेबलावर ठेवायची आणि मूल जे म्हणेल तेच उचलून त्याच्या हातात द्यायचं. ‘तार’ हातात आली की आपला उच्चार चुकला हे त्याला स्वतःलाच कळतं.

45 मिनिटांच्या सत्रात शिकाऊ थेरपिस्टच जास्त बोलतो. माझ्या सुरुवातीच्या एका सत्राचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं, तर मुलाचे प्रयत्न तीसही भरले नव्हते. प्रत्येक उच्चारानंतर बक्षीस म्हणून खेळण्यातली रिंग टाकायला देण्यातच वेळ जात होता. पाच उच्चारांमागे एक रिंग केली, शेजारी कागदावर रेघा मारत गेले आणि आकडा शंभरच्या आसपास गेला.

सरावातले शब्द पक्के झाले म्हणून थेरपी थांबवणं ही नेहमीची चूक. क्लिनिकमध्ये ‘कार’ स्वच्छ म्हणणारं मूल दारात काका दिसताच ‘ताता’ म्हणून हाक मारतं. म्हणून दर चौथ्या सत्राला ‘केळं’, ‘कपाट’, ‘कुलूप’ असे न शिकवलेले 10 शब्द मदतीशिवाय विचारायचे. त्यांतले 8 बरोबर आले की वाक्यांकडे जायचं. नाही आले तर कोणत्या स्वराआधी क घसरतो ते पाहून पुन्हा तो स्वर असलेल्या शब्दांवर यायचं.