बिस्किटाच्या गावापासून: श्रॉपशायरमध्ये मोटारीविना पाच दिवस

पुण्यात वाढलेल्या माणसाला श्रूझबरी हे नाव गावाच्या आधी बिस्किटाचे म्हणून ठाऊक होते. कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीसमोर सकाळी रांगेत उभे राहिलेल्यांपैकी फार थोड्यांना ते इंग्लंडमधील एका गावाचे नाव आहे याची कल्पना असेल. मलाही चाळिशीपर्यंत ती नव्हती. त्या नावाच्या कुतूहलापोटी आम्ही पती-पत्नी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशायर परगण्यात पाच दिवस राहून आलो. मोटार भाड्याने घेतली नाही. आगगाडी, बस आणि पाय एवढ्यावरच सारे पाहिले आणि थोडी आखणी केली तर ते सहज जमते, असा आमचा अनुभव आहे.

लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघून बर्मिंगहॅम किंवा क्रू येथे गाडी बदलली की साधारण पावणेतीन तासांत श्रूझबरी येते. दोघे एकत्र प्रवास करणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढावे. भाड्यात एक-तृतीयांश सवलत मिळते, मात्र कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपूर्वीच्या गाड्यांना ती लागू होत नाही. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते असते, त्यामुळे गाडी बदलण्यासाठी मध्ये पुरेसा वेळ ठेवावा. मुक्काम पाचही दिवस श्रूझबरीतच, स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी केला. रोज सामान हलवावे लागले नाही हे वेगळेच सुख.

गावाला सेव्हर्न नदीने असा वेढा घातला आहे की मध्ये उरलेला उंचवटा जवळजवळ बेटच होतो. एका बाजूला इंग्लिश ब्रिज, दुसऱ्या बाजूला वेल्श ब्रिज. हिवाळ्यात नदीला पूर येतो आणि काठावरचे रस्ते पाण्याखाली जातात, म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्यांनी नदीलगतची खोली घेऊ नये. काळ्या लाकडी चौकटी आणि पांढऱ्या भिंतींची जुनी घरे बुचर रो आणि बेअर स्टेप्स या भागांत दाटीने उभी आहेत. नावाचा उच्चार ‘श्रोझबरी’ की ‘श्रूझबरी’ यावर खुद्द गावकऱ्यांचेही एकमत नाही, तेव्हा आपण संकोच करण्याचे कारण नाही. चार्ल्स डार्विन १८०९ मध्ये याच गावी जन्मला. तो ज्या शाळेत शिकला त्या इमारतीत आज सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि दाराशी त्याचा बसलेला पुतळा आहे.

दुसरा पुतळा मात्र मराठी माणसाला अधिक वेळ थांबवतो. बाजारचौकात, ‘द स्क्वेअर’मध्ये, रॉबर्ट क्लाइव्ह उभा आहे. तो याच परगण्यातला, मार्केट ड्रेटनजवळ १७२५ मध्ये जन्मलेला, आणि पुढे श्रूझबरीचा खासदार. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो प्लासीपासून सुरू होतो. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा जमिनीवरच्या फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे होते, ॲडमिरल वॉटसनची जहाजे समुद्रातून तोफा डागत होती आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून मी ही हकीकत पूर्वी ऐकली होती. तिचा एक नायक कबुतरांच्या गर्दीत एवढ्या शांतपणे उभा असलेला पाहणे विचित्र वाटले. २०२० मध्ये पुतळा हटवण्याची मागणी झाली होती, पण स्थानिक परिषदेने तो ठेवण्याचा निर्णय घेतला.

बिस्किटाविषयी एवढेच सांगतो की तेथे त्याला ‘श्रूझबरी केक’ म्हणतात, आणि आम्हाला एका चहाच्या दुकानात मिळालेला प्रकार लिंबाच्या सालीच्या वासाचा, पातळ आणि कडक होता. लोण्याने तोंडात विरघळणाऱ्या आपल्या बिस्किटाशी त्याचे नाते नावापुरतेच राहिले आहे. माझे मत पुण्याच्या बाजूने पडले.

दक्षिणेकडे हेरेफर्डला जाणारा लोहमार्ग हा या सहलीचा कणा समजावा. त्यावर चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स आणि लडलो ही तीन स्थानके ओळीने येतात आणि लडलोला पोहोचायला अर्धा तास लागतो. एकच दिवस हाताशी असेल तर तो लडलोला द्यावा. टेकडीच्या टोकावर नॉर्मन काळातील किल्ला, त्याच्या दारातच भरणारा उघडा बाजार आणि तेथून नदीकडे उतरणारी ब्रॉड स्ट्रीट असा या गावाचा साधा आराखडा आहे. बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी असतो. त्याच दिवशी जावे. हेन्री आठव्याचा थोरला भाऊ, युवराज आर्थर, १५०२ मध्ये पंधराव्या वर्षी या किल्ल्यात वारला. तो जगता तर हेन्री राजाच झाला नसता. किल्ल्याचे वरचे छत आता नाही, म्हणून पावसाळी दिवशी तेथे आडोसा फारसा मिळत नाही. सप्टेंबरातील खाद्यमहोत्सवाच्या सुमारास खोल्या मिळणे कठीण असते.

लडलोहून परतताना क्रेव्हन आर्म्सला उतरून मैलभर चालले की स्टोकसे कॅसल लागतो. नाव किल्ल्याचे असले तरी हा लॉरेन्स ऑफ लडलो नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तटबंदीचा वाडा आहे. त्याच्या मोठ्या दालनात भिंतीतली शेकोटी नाही. विस्तव जमिनीच्या मधोमध पेटत असे आणि धूर छताच्या तुळयांमधून वाट काढीत असे. कोकणातील जुन्या स्वयंपाकघराची आठवण आली.

चर्च स्ट्रेटन चालणाऱ्यांसाठी आहे. स्थानकातून कार्डिंग मिल दरीमार्गे लाँग मिंड या पठारावर चढता येते. सर्वांत उंच जागा ५१६ मीटरची. सिंहगड चढणाऱ्याला चढाचे काही वाटणार नाही, पण वर गेल्यावर वारा आणि धुके यांचा नेम नसतो, म्हणून ऑगस्टातही जलरोधक जाकीट आणि कागदी नकाशा जवळ हवाच. झुडपांत काळीनिळी विनबेरी पिकलेली होती. आम्ही करवंदांसारखी ती खात चढलो. शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा वापरण्याचा हक्क सर्वांना आहे, मात्र उघडलेले फाटक आपल्यामागे लावून घ्यावे.

आयर्नब्रिज या जुन्या लोखंडी पुलाच्या गावाला रेल्वे नाही आणि तेथेच आमची चूक झाली. रविवारी बस असेलच असे गृहीत धरून गेलो आणि परतताना टेलफर्डपर्यंत टॅक्सीचे चांगलेच पैसे मोजले. तेथे कामाच्या दिवशीच जावे आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी. १७७९ मध्ये उभारलेला आणि १७८१ मध्ये रहदारीला खुला झालेला हा जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. ओतीव लोखंड जोडायचे कसे याची रूढ पद्धत अजून ठरली नसल्याने कारागिरांनी सुतार लाकडात करतात तसे खाच आणि कुसवाचे सांधे घातले. पुलावर उभे राहून ते नीट दिसत नाहीत. काठाने खाली उतरून कमानीच्या पोटाकडे पाहावे. नाक्यावरील जुन्या फलकात सैनिक आणि राजघराण्यातील माणसे यांनाही टोल माफ नाही असे बजावले आहे. आता मात्र पायी ओलांडायला काही पडत नाही. पलीकडचे मच वेनलॉक लहान आहे, तासाभरात पाहून होते. तेथील डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० मध्ये गावापुरते ऑलिंपियन खेळ सुरू केले, १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबेर्तँ ते पाहायला आले, आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या चार महिने आधी ब्रूक्स वारले.

शाकाहारी जेवण बहुतेक पबमध्ये मिळते, पण दुपारी अडीचच्या सुमारास अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते आणि संध्याकाळपर्यंत काही मिळत नाही. आम्ही श्रूझबरीतून सकाळीच पाव, चीज आणि फळे घेऊन निघत असू.

शेवटचा दिवस सीमेपलीकडे, वेल्समधील वेल्शपूलला घालवला. गाडीने पाऊण तासही लागत नाही. स्थानकापासून मैलभरावर पोविस कॅसल आहे. क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचे लग्न या घराण्यात झाले, आणि श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता. त्यामुळे हिंदुस्थानातून आलेला मोठा संग्रह येथे आहे, त्यात टिपू सुलतानाचा छापील सुती कापडाचा तंबूही आहे. बाग आणि वाडा यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, तेव्हा आधी वाडा पाहावा, मग बागेच्या उतरत्या गच्च्यांवर बसावे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून स्थानकासाठी अर्धा तास हातात ठेवावा.