तुम्ही विचारलंत म्हणून: फौज सगळ्यांनाच सक्तीची का नको?

अंबाजोगाईच्या बसस्टँडवरचा चहा असो की लग्नाची पंगत, मी सतरा वर्षं फौजेत काढली हे कळलं की प्रश्न ठरलेला. "मेजर, इस्रायलसारखी आपल्याकडंबी दोन-तीन वर्षं फौज सक्तीची करायला काय हरकत हाय? पोरं वळणावर येतील." विचारणारा तळमळीनं विचारतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

सक्ती आली की तिच्या मागोमाग सूट येते. आणि गाव फुटतं ते सूट कुणाला, यावरून.

इस्रायलचंच घ्या. १९४८ साली पंतप्रधान बेन-गुरियन यांनी धर्मपाठशाळांत शिकणाऱ्या सुमारे ४०० पोरांना लष्करातून मोकळं ठेवलं. युरोपातल्या तशा पाठशाळा नाझींनी संपवल्या होत्या, ती विद्या टिकावी हा हेतू. पण ४०० चे पुढं हजारो झाले. ज्यांची लेकरं सीमेवर, त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राग साचत गेला. शेवटी जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की यांना वगळायला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. त्यावरून लोक रस्त्यावर उतरले. तिथल्या बहुतेक अरब नागरिकांनाही सक्ती नाही. ऐकायला बरं वाटतं. पण लष्कर केलेल्यांना मिळणाऱ्या सवलती त्यांच्या वाट्याला येत नाहीत, वर 'तुम्ही देशासाठी काय केलं?' हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

अमेरिकेत यादवी युद्धाच्या वेळी, १८६३ साली, ३०० डॉलर भरले की भरतीतून सुटका होत असे. मजुरानं एवढे पैसे आणायचे कुठून? जुलैत न्यूयॉर्क पेटलं. आणि राग निघाला कुणावर, तर कृष्णवर्णीयांवर. त्यांच्या लेकरांचा अनाथाश्रमसुद्धा जाळला. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

आता आपल्याकडं बघा. निवडणुकीच्या ड्यूटीची यादी लागली, की दवाखान्याचे दाखले निघायला लागतात. फौजेची यादी लागल्यावर कुणाचं पोर 'आजारी' निघेल आणि दोन एकर कोरडवाहूवाल्याचं कसं धडधाकट ठरेल, हे सांगायला ज्योतिषी नको. बाप गेलेल्या घरातलं एकुलतं पोर असेल, तर त्याला सूट द्यायलाच हवी. पण पारापुढून जाताना त्यालाही टोमणे ऐकावेच लागतील.

टोमणे म्हणतो, कारण आज सक्ती नसतानाही ते मी बघतोय.

पहाटे पाचला मी भरतीच्या पोरांना पळवतो. गेल्या वर्षी एक पोरगं वाऱ्यासारखं पळायचं, सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांच्या आत. एक दिवस मी सगळ्यांना नळाखाली पाय ओले करून सिमेंटच्या ओट्यावर चालायला लावलं. बाकीच्यांचे ठसे मधे बारीक झालेले. याचा अख्खा तळवा उमटला, विटेसारखा. म्हणजे पाय सपाट, आणि सपाट पाय फौजेच्या मेडिकलला अडतो. ते खाली बघत उभं राहिलं. ठसा वाळेपर्यंत हललं नाही. तरी मी त्याला पाठवलं, म्हटलं, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मेडिकलला अनफिट झालं.

त्याच्या आईनं शेजारणींना सांगितलं, "पाच सेकंदानं पळण्यात गेलं." आमच्याकडं पळण्यात हरणं चालतं, अंगात खोट आहे म्हटलं की सोयरीक मोडते. त्याचे पाय शेतात, विहिरीवर, कुठंच अडत नाहीत. पण 'अनफिट' हा शब्द गावात फिरायला कागद लागत नाही. हाच शब्द उद्या सरकारी शिक्क्यासह घरोघरी यायला लागला, तर काय होईल?

हल्ली ते पोरगं माझ्यासोबत मैदानावर येतं. स्टॉपवॉच त्याच्या हातात असतं. नवी पोरं विचारतात, "दादा, तुमचं कशात गेलं?"

"रनिंगमधी," ते म्हणतं, आणि शिट्टी वाजवतं.