मासे सोडले, पण बी१२चा रिपोर्ट काही येईना

गोव्यात मासे सोडायचे असतील तर पावसाळा बरा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, बाजारात जे येतं त्याचे भाव ऐकूनच पोट भरतं, पाठोपाठ श्रावण आणि मग चतुर्थी. सोमवारी तर आमच्याकडे कायमच शिवराक, म्हणजे शाकाहारी. त्यामुळे मी आता मासे खाणार नाही म्हटल्यावर घरात कोणी दचकलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं जालें, माझ्या ताटात दोन सुंगटं (कोळंब्या) जास्त."

अडलं ते रक्ताच्या तपासणीवर.

मला मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की मासे बंद करायला हरकत नाही, पण आधी हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, व्हिटॅमिन डी आणि बी१२ बघून घेऊ. बी१२च्या खाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ मारली. भाजीपाला, धान्य, कडधान्य यांत बी१२ नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतून जे मिळेल तेवढंच. त्यात मेटफॉर्मिनमुळे ते शरीरात कमी शोषलं जातं. शिवाय यकृतात त्याचा साठा असतो, तो संपायला काही वर्षं जातात, म्हणून "मी इतकी वर्षं शिवराक आहे, मला काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात त्यांचं फार मनावर घेऊ नये. डॉक्टरांनी एक तंबीही दिली: रिपोर्ट हातात येईपर्यंत मल्टिव्हिटॅमिनची गोळी घ्यायची नाही, नाहीतर आकडा फसवा येतो. माझे तळपाय रात्री झिणझिणत होते, तरी थांबले.

लॅब फोंड्यातलीच, नाव घेत नाही. सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं, पैसे भरले, संध्याकाळी रिपोर्ट मिळेल म्हणाले. मिळाला. सगळे आकडे होते, फक्त बी१२च्या पुढे 'प्रलंबित'. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तें मुंबय धाडटात. फाल्यां येयात." दुसऱ्या दिवशी गेले तर तिथे वेगळी मुलगी. तिच्या मते ही तपासणी मुंबईला जातच नाही, इथेच होते, फक्त मशीन बंद आहे. त्यापुढच्या खेपेला पुन्हा तोच मुलगा, मुंबईत पाऊस आहे म्हणाला. इथेही पाऊसच होता आणि मी त्यातूनच बसने आले होते, पण ते असो. फोन लावला की उचलायचे, "बघून सांगतो" म्हणायचे आणि परत फोन नाही. मधे एकदा मला व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला. उघडून बघते तर कोणातरी गृहस्थांचा थायरॉईड.

शेवटी मी पावती काढून काउंटरवर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, आज उत्तर घेतल्याशिवाय उठत नाही. आत फोनाफोनी झाली. मग पांढऱ्या कोटातल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत फिरवत माझ्या ओळीवर थांबल्या. जांभळ्या टोपणाच्या नळीची नोंद होती, करड्या टोपणाच्या नळीची होती. पिवळ्या टोपणाच्या नळीपुढे लिहिलं होतं, 'कमी नमुना'. त्यात व्हिटॅमिन डी उरकलं आणि बी१२ला रक्त पुरलंच नाही. म्हणजे मुंबईला काही गेलंच नव्हतं. ही नोंद पहिल्याच दिवसाची होती. एवढे दिवस कोणी ते पान उलटून बघितलं नव्हतं. वर तो मुलगा मला म्हणतो कसा, "मावशी, रिपोर्टाचं काय घेऊन बसलात, गोळी सुरू करून टाका ना." डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी गोळी घेतली असती तर दुसऱ्यांदा दिलेलं रक्त फुकट गेलं असतं.

दुसऱ्यांदा रक्त दिलं. उपाशी यायचं की नाही हे दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलं, म्हणून उपाशीच गेले. पैसे मागितले नाहीत. मागायची सोय मी ठेवली नव्हती. माझं ऐका, पावतीवर प्रत्येक तपासणीचं नाव छापून घ्या आणि नमुना बाहेर पाठवणार की इथेच तपासणार हे पैसे भरण्याआधी विचारा.

रिपोर्ट आला: १६८. त्या लॅबची खालची मर्यादा २००च्या आसपास छापलेली होती. आधी इंजेक्शनं झाली, आता गोळी. हा डोस माझा आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणींनी मला सांगितलं की इडलीच्या आंबवलेल्या पिठात बी१२ भरपूर असतं, गोळी कशाला. त्यावर भरवसा ठेवता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बाकी जेवणाचं फार अवघड गेलं नाही. आपल्या सोमवारच्या ताटात भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, पापड, लोणचं. आठवड्यातून एकदा ठीक आहे, रोज तेच खाल्लं तर माझी साखर कुठे जाईल ते सांगायला लॅब नको. प्रथिनांचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा: दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. माझं वजन साठच्या आसपास, म्हणजे रोज पन्नास ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच मिळतात. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात मात्र वीस ते चोवीस. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब स्वतः मांडू नका.) म्हणून आता भात एक वाटी आणि त्याच्या दुप्पट आळसांद्यांचं (गोव्याच्या चवळीचं) तोणाक, नाहीतर मुगागाठी (मोडाच्या मुगाचं कालवण), नाहीतर कुळथाचं सार घट्टसर. खोबरं निम्म्यावर आणलं, यावरून घरात थोडी कुरबुर झाली. खतखत्यात भाज्या चिक्कार येतात, पण त्यात तूरडाळीचा हात सढळ ठेवावा. नाष्ट्याला नाचणीची अंबील, ताक घालून, गूळ नाही. संध्याकाळच्या भाजीबरोबर पाव नको, पोई घ्या, कोंड्याची असते, पण एकच.

कडधान्याने पोट फुगतं ही तक्रार खरी आहे. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, मोड येऊ द्या आणि पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी खा.

आणि हो, हिमोग्लोबिनही माझं काठावरच होतं. तांबडी भाजी, अळू, कुळीथ यांतलं लोह माशा-मटणातल्या लोहासारखं सहज अंगी लागत नाही, वर लिंबू पिळलं की ते जास्त अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर उलट कमी लागतं. आमच्या घरी दुपारी जेवणाची ताटं उचलायच्या आत चहाचं आधण चढतं. ते मी तासभर पुढे ढकललंय. सासूबाईंना माझ्या मासे सोडण्याचा नाही, पण या चहाचा मात्र अजून राग आहे.