माघअखेरची तलावाची नोंद: पहाट सोडा, बांधावरचं ऊन धरा

ही गळाने मासे गरवण्याची नोंद आहे. ठिकाण: कोकणात, समुद्रापासून पंधरा-वीस किलोमीटर आत असलेला लघुपाटबंधारे तलाव. मातीचा बांध, आतल्या उतारावर काळ्या दगडाचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर. पाणी सांडव्याच्या माथ्यापासून सव्वा मीटर खाली उतरलंय. पांढरी ताटली दोरीला बांधून सोडली तर पावणेदोन मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. दिवाळीत ती एक मीटरवरच दिसेनाशी होत होती.

तापमान: सकाळी साडेसहाला फुगवट्यात, म्हणजे ओढा तलावाला मिळतो त्या उथळ टोकाला, अर्ध्या मीटरवर २०.५ अंश, बांधालगत अर्ध्या मीटरवर २२.५. साडेदहाला बांधालगतचं वरचं पाणी २५. दुपारी अडीचला फुगवट्यात २८.

गेल्या नोंदीपासूनचे सगळे बदल या आकड्यांवरून केले आहेत. आधी ते मोजायचे कसे ते सांगतो, कारण माप चुकलं तर पुढचं सगळंच चुकतं.

वरच्या पाण्याला मत्स्यपेटीतला साधा थर्मामीटर चालतो. तो खोल सोडून वर ओढला की मात्र वरच्या पाण्यातून येईपर्यंत आकडा बदलतो. त्यासाठी अर्ध्या लिटरची एकपदरी स्टीलची बाटली घ्यावी, पाण्याने काठोकाठ भरावी, थर्मामीटर आत ठेवून झाकण लावावं आणि पाव किलोचा दगड बांधून हव्या त्या खोलीवर अर्धा तास राहू द्यावी. मग झरझर वर ओढून लगेच वाचावं. आतलं अर्धा लिटर पाणी तेवढ्या वेळात फारसं बदलत नाही. दुपदरी, चहा गरम ठेवायची बाटली इथे अजिबात चालत नाही. ती तळाला तासभर ठेवली तरी घरून भरून आणलेल्या पाण्याचंच तापमान दाखवते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बाटली तिरकी तरंगते आणि खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून झाकण पाण्याखाली धरूनच लावायचं.

पहाटे मासा का लागत नाही

गरवायला जायचं तर फटफटायच्या आत, ही सवय पावसाळ्यानंतरच्या आणि वैशाखातल्या पाण्याची आहे. माघात ती उलटी पडते. निरभ्र रात्री उथळ पाणी सर्वांत आधी निवतं, त्यात ओढ्याच्या घळीतून उतरणारी गार हवा फुगवट्यावरच येऊन बसते. म्हणून पहाटे फुगवटा हा तलावाचा सर्वांत थंड भाग असतो. रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्याचे मासे. २० अंशांच्या आसपास त्यांचं खाणं फार कमी होतं, २५ च्या पुढे ते नीट चरायला लागतात. दुसरं कारण प्राणवायूचं. रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरतात, बनवत नाहीत, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. शेवाळाने भरलेल्या उथळ कोपऱ्यात हे जास्त जाणवतं. तिथे पहाटे मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून दिसला तर तो चरत नाही, श्वासासाठी धडपडतोय. तिथे चारा टाकू नये. न खाल्लेला चारा कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातो.

अपवाद मळभाचा. आकाश झाकलेलं असलं की रात्री पाण्याची उष्णता कमी निघून जाते. काठ आणि खोल पाणी यांच्यातला फरक एखाद्या अंशावर येतो, आणि सकाळी साडेसातलाच फ्लोट (गळाच्या दोऱ्याला लावलेला तरंगता खुणेचा तुकडा) हलायला लागतो. मोहोरावरच्या तुडतुड्यांच्या धास्तीने आंबा बागायतदाराला जे मळभ नको असतं, ते गरवणाऱ्याने मात्र वाया घालवू नये.

जागा आणि वेळ

कोकणातले ओढे बहुतेक पश्चिमेकडे वाहतात, म्हणून बांध पश्चिमेला आणि फुगवटा पूर्वेला, अशी बऱ्याच तलावांची मांडणी असते. बांधाचा आतला उतार पूर्वेकडे तोंड करून असतो. सह्याद्रीच्या बाजूची टेकडी ओलांडून ऊन आलं की ते आधी त्याच उतारावर पडतं. काळे दगड तापतात, त्यांना चिकटून असलेलं पाणी उबतं. शिवाय सकाळचा मतलई वारा पूर्वेकडून वाहत असतो आणि वरचा उबदार थर बांधाकडेच लोटतो. म्हणून साडेनऊ ते बारा बांधावर, पाण्याची खोली दीड ते अडीच मीटर असेल तिथे बसावं.

दहा-साडेदहाला मतलई पडतो. मधे तास-दीड तास पाणी आरशासारखं असतं, आणि बाराच्या पुढे वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. आता वरचं पाणी उलट दिशेला, फुगवट्याच्या आग्नेय कोपऱ्याकडे सरकतं. उथळ पाणी उन्हाने तापलेलंच असतं, त्यात सूक्ष्म प्राणीही वाऱ्यामागे तिथे गोळा होतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो मुख्यतः यांच्यावरच जगतो, त्यामुळे दोन ते पाच तो तिथे मिळतो. तळाला शिशाचं वजन टाकून त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दीड मीटर पाण्यात गळ ६० ते ७० सेंटिमीटरवर लोंबता ठेवावा.

हे गणित बांधाच्या दिशेवर उभं आहे. बांध दक्षिणेला असेल तर आपल्या तलावाचं ऊन आणि वारा स्वतः पाहून वेळा ठरवाव्या लागतील. १५३० सालचा, सिंधुदुर्गातला धामापूरचा तलाव घ्या. त्याच्या कडेला दाट झाडी आहे, आणि अशा काठावर ऊन उशिरा पोचतं. तिथे वेळ तासभर उशिराची धरायला हवी. तिलारीसारख्या मोठ्या जलाशयात तत्त्व हेच, फक्त दुपारच्या लाटा मोठ्या असतात.

कुठेही बसण्याआधी तलावाचा ठेका कोणत्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते विचारून परवानगी घ्यावी. विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) मनोऱ्यापासून आणि सांडव्याच्या भिंतीपासून लांब राहावं.

आमिष: खोबऱ्याची पेंड सकाळी बंद

या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा बदल हा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. घरातली तेलाची बाटली सकाळी पांढरी पडलेली दिसते, तेच पाण्यात पेंडीतल्या तेलाचं होतं. २२-२३ अंशांच्या पाण्यात गोळा कडक पडतो, तेल पसरत नाही, वास लांब जात नाही. पावसाळ्यानंतर ज्या पेंडीवर रोहू तुटून पडतो, तीच माघातल्या सकाळी निकामी वाटते ती यामुळे. शेंगदाण्याचं तेल या तापमानाला पातळच राहतं. म्हणून बारापर्यंत भुईमुगाची पेंड, आणि दुपारी फुगवट्यात पाणी २६ च्या वर गेलं की हवी तर खोबऱ्याची. बाटली पांढरी दिसली तर थर्मामीटर न काढताही सकाळचं आमिष ठरवता येतं.

गळाच्या गोळ्यासाठी: नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, चाळलेली भुईमूग पेंड ३० ग्रॅम, गव्हाचं पीठ ६० ग्रॅम, पाणी सुमारे ७० मिली. पाणी उकळून नाचणी आणि पेंडीची उकड काढायची, पाच मिनिटं झाकून ठेवायची, कोमट झाली की गव्हाचं पीठ घालून मळायची. गोळी हरभऱ्याएवढी. ग्लासभर तलावाच्या पाण्यात टाकून पाहावी: आठ-दहा मिनिटं आकार टिकला पाहिजे आणि पंधराव्या मिनिटाला कडा सुटायला हव्यात. गव्हाचं प्रमाण वाढलं की गोळी रबरासारखी होते. मग झटका दिला तरी गळाचं टोक तिच्यातून बाहेर येत नाही आणि मासा ओठांनी गोळी चेपून सोडून देतो. असं झालं तर पाणी वाढवू नये, नाचणीची उकड वाढवावी. उलट पाच मिनिटांत विरघळत असेल तर गव्हाचं पीठ आणखी दहा ग्रॅम घातलं की पुरतं.

मासा गोळा करायला पाण्यात टाकायचा चारा नेहमीच्या निम्म्याहून कमी. भाताचा बारीक कोंडा २०० ग्रॅम, भाजलेली भुईमूग पेंड ८० ग्रॅम, मऊ शिजवलेला उकडा तांदूळ ५० ग्रॅम, भिजेल इतकंच पाणी. सकाळभराला एवढा बास. थंड पाण्यात माशाचं पचन मंद असतं. पोट भरलं की तो दुपारपर्यंत फिरकत नाही. पिचिंगच्या उतारावर गोल गोळे टाकले की ते गडगडत खोल जातात आणि मासाही त्यांच्यामागे खाली जातो. म्हणून चपटे थापून टाकायचे. सुरुवातीला लिंबाएवढे तीन, मग मासा लागल्यावरच एकेक.

तंगूस, गळ, शिसं

ताटली दीड मीटरच्या पुढे दिसत असेल तर जाड तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) माशाला दिसतो. रिळावर ०.२० मिमी, गळाकडचा शेवटचा ४० सेंटिमीटर ०.१६. चिलापीला (तिलापियाला) १० नंबरचा गळ, रोहू-मृगळला ६ किंवा ८. रिळाचा ब्रेक ताणकाट्यावर मोजून ०.१६ च्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढा ठेवावा. बारीक तंगूस तुटतो तो माशाच्या वजनाने क्वचितच. बहुतेक वेळा गाठ कोरडी आवळल्यामुळे तुटतो. थुंकी लावून सावकाश आवळली की घर्षणाने तापत नाही.

सकाळच्या शांत पाण्यात दोन ग्रॅमचा बारीक फ्लोट. शिसं तीन जागी वाटायचं: १.२ ग्रॅम फ्लोटच्या खाली, ०.५ मधे, ०.२ गळापासून बारा सेंटिमीटरवर. शेवटचं शिसं जेमतेम तळाला टेकेल अशी खोली लावायची, फ्लोटचं टोक पाण्याच्या एक सेंटिमीटर वर. थंड पाण्यातला मासा फ्लोट बुडवत नाही. मृगळ आणि चिलापी गोळी उचलतात, त्याबरोबर शेवटचं शिसं उचललं जातं आणि फ्लोट दोन सेंटिमीटर वर येतो. झटका तेव्हाच द्यायचा, बुडायची वाट पाहिली तर गळ रिकामा येतो. रोहू फ्लोट बाजूला सरकवतो. हातभर सरकू द्यावा.

पिचिंगच्या दगडांत खालचं शिसं अडकतं. ते मुख्य तंगुसावर न चेपता ०.१२ च्या छोट्या तुकड्यावर लावलं तर अडकल्यावर तेवढाच तुकडा तुटतो, गळ परत येतो.

खाऱ्या वाऱ्यात हाच फ्लोट निरुपयोगी. तंगुसाला वाऱ्याने झोळ पडतो आणि फ्लोट ओढला जातो. तिथे चार ग्रॅमचा, तळाकडून जोडलेला फ्लोट, टोक तीन सेंटिमीटर वर. तंगुसावर साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवून तेलकटपणा काढावा म्हणजे तो पाण्याखाली बसतो. फेकल्यावर काठीचं टोक पाण्यात बुडवून रिळाचे दोन फेरे गुंडाळायचे.

चिलापी आणि मरळ

फुगवट्याच्या काठाला अर्धा-पाऊण मीटर पाण्यात ताटलीसारखे खळगे दिसू लागले आहेत. ती चिलापीची घरटी. काळपट नर तिथे पहारा देतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही. म्हणून खळग्यांजवळ नरच लागतात. माद्या हव्या असतील तर दोन मीटर खोलीच्या कडेला गांडूळ लावून बसावं.

मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे वर यावंच लागतं. दुपारी बारा ते तीन पाणकणसांच्या उन्हाकडच्या कडेला बुडबुडे शोधावेत. रबरी बेडूक (नकली आमिष) उन्हाळ्याच्या निम्म्या वेगाने आणायचा, हातभर ओढून पाच सेकंद थांबवायचा. मरळ अजून सुस्त आहे, झडप घातल्यावर दोन मोजून मगच झटका द्यावा.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. तलावात जे आहेत ते संस्थेने सोडलेल्या बोटुकलीतून (बोटाएवढ्या पिल्लांतून) वाढलेले. अर्ध्या किलोच्या आतला मासा ओल्या हाताने गळ काढून परत सोडावा.

पुढे काय बघायचं

वायंगणी (उन्हाळी) भाताला आवर्तन, म्हणजे तलावाचं पाणी, सुटलं की पातळी रोज उतरेल. काठाला खुणेची काठी रोवून ठेवा. दिवसाला पाच सेंटिमीटरहून जास्त उतार दिसला की मासा उथळ सोडतो. तेव्हा दुपारची जागा फुगवट्यातून सरकवून जुन्या ओढ्याच्या पात्राच्या कडेला न्यावी. पाणी भरायच्या आधीच्या नकाशावर हे पात्र सापडतं, नाहीतर शिसं सोडून खोली मोजत शोधावं लागतं.

आणि साडेसहाचा आकडा रोज लिहा. फुगवट्यातलं आणि बांधालगतचं वरचं पाणी सलग तीन सकाळी सारखं आलं की रात्रीचं निवणं संपलं असं धरावं. त्या दिवसापासून वरचं सगळं वेळापत्रक बदलतं: दुपार सोडायची, पहाटे यायचं, पेंड खोबऱ्याची आणि तंगूस ०.२० चाच.